मुख, मुद्रा आणि पाठिंबा

इंग्रजीतील काही भारदस्त शब्द एका वाक्यात मनुष्याच्या चेहऱ्याचा निर्देश करतात आणि दुसऱ्या वाक्यात त्याच्या संमतीचा. 'काउंटिनन्स' हा त्यांपैकी प्रमुख. नाम म्हणून तो मुखचर्या सांगतो. क्रियापद म्हणून, एखाद्या अधिकारी पुरुषाने एखादे कृत्य, एखादी व्यक्ती वा एखादी रीत आपल्या अनुकूलतेखाली चालू दिली, असा अर्थ देतो. मराठी अनुवादक या शब्दापाशी आला म्हणजे सामान्यतः त्याचे दोन तुकडे करतो. वर्णन असेल तेथे 'चेहरा' किंवा 'मुद्रा' आणि व्यवहार असेल तेथे 'पाठिंबा', 'आश्रय' किंवा 'मान्यता'. कोशाच्या दृष्टीने ही वाटणी निर्दोष आहे. परंतु ज्या इंग्रजीने एकोणिसाव्या शतकात येथील माणसांचे न्यायनिवाडे केले, तिच्यात हे दोन अर्थ एकमेकांपासून इतके विलग नव्हते. चेहऱ्यावरून संमती ताडली जात होती आणि संमतीवरून अपराध. या व्यवहाराचे सर्वांत ठसठशीत उदाहरण जबलपूर येथे सापडते, आणि मराठीला स्वतःच्या शब्दांची पारख करून घेण्यासही ते उपयोगी पडण्यासारखे आहे.

शब्दाची कुळकथा प्रथम पाहिली पाहिजे. 'काउंटिनन्स' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'एकत्र धरून ठेवणे, आवरून धरणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. म्हणजे आरंभी हा शब्द नाकाडोळ्यांचा नव्हताच. स्वतःला सावरून वागण्याची जी रीत, जो डौल, तो त्याचा पहिला अर्थ. हा डौल जेथे सर्वांत आधी दिसतो ते मुख म्हणून पुढे त्याचा अर्थ मुख असा झाला. थोरामोठ्यांच्या मुखावरची प्रसन्नता ही आश्रिताच्या दृष्टीने मिळकतच असल्यामुळे शेवटी तो अनुग्रह आणि आश्रय यांचा वाचक बनला. 'फेव्हर' हा शब्द याच वाटेने, पण उलट दिशेने गेला. मूळ अर्थ कृपा. शेक्सपिअरच्या काळी तो चेहरेपट्टीलाही लावला जाई, आणि कुरूप माणसासाठी असलेल्या एका जुन्या इंग्रजी विशेषणात तो अर्थ अजून शिल्लक आहे. दोन भिन्न शब्द दोन टोकांनी निघून एकाच ठिकाणी येऊन मिळतात, याला योगायोग म्हणणे कठीण आहे. ज्या समाजात दरबारातील एका मुखाकडे पाहून शेकडो लोकांचे भवितव्य ठरत असे, त्या समाजाचा अनुभव या शब्दांत साठलेला आहे.

'हॅम्लेट'मध्ये हे दोन्ही अर्थ काही अंकांच्या अंतराने येतात. पहिल्या अंकात होरेशिओ भूताच्या मुखावरील भाव सांगतो, तेथे क्रोधापेक्षा विषादच अधिक होता हे तो याच शब्दाच्या साहाय्याने कळवतो. चौथ्या अंकात हॅम्लेट रोझेनक्रँट्झला स्पंज म्हणून हिणवतो. राजाची जी गोष्ट हा स्पंज शोषून घेतो, तिला नाव हेच. १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने हे नाटक मराठीत आणणाऱ्या आगरकरांपासून पुढे प्रत्येक भाषांतरकारासमोर हा पेच उभा आहे. भूताचे मुख आणि राजाची मेहेरबानी यांना एकाच शब्दात बांधील असा शब्द कोठून आणावा? मुखाचा धागा सोडला तर नाटककाराने ठेवलेली एक सूक्ष्म खूण पुसली जाते. खरा राजा मृत आहे आणि त्याच्या मुखावर दुःख आहे. खोटा राजा जिवंत आहे आणि त्याचे मुख विकाऊ आहे.

याहूनही बोलके उदाहरण 'चौथा हेन्री' या नाटकाच्या दुसऱ्या भागातील पाचव्या अंकाच्या आरंभी आहे. डेव्ही हा नोकर आपले धनी न्यायाधीश शॅलो यांच्याकडे एका ओळखीच्या माणसासाठी रदबदली करतो. तो माणूस लबाड आहे हे न्यायाधीशाला ठाऊक आहे, आणि नोकरही ते नाकारत नाही. त्याचे म्हणणे इतकेच की सज्जन मनुष्य आपली बाजू आपण मांडू शकतो, लबाडाला ते जमत नाही. तेव्हा मित्राच्या शब्दाखातर लबाडाला थोडे 'काउंटिनन्स' मिळायला काय हरकत आहे? प्रसंग विनोदी आहे. पण न्यायासनावर बसलेल्या माणसाचे मुख हा न्यायाचाच एक भाग कसा बनतो, हे त्यात जितके उघड झाले आहे तितके एखाद्या विधिग्रंथातही क्वचितच होत असेल. हा नोकर ज्या शब्दाने मागणी करतो, त्याच शब्दाने पुढे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी आरोप केले.

आता मराठीकडे वळले असता एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. नापसंती दाखवायला मराठी माणसाला चेहरा पुरेपूर लागतो. तो नाक मुरडतो, कपाळाला आठ्या घालतो, डोळे वटारतो, तोंड वाकडे करतो, तोंड फिरवतो. पसंती मात्र चेहऱ्यावरून खाली सरकते. मान डोलावली जाते, पाठ थोपटली जाते, पाठीवर हात ठेवला जातो. पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठीशी उभे राहणे हे सगळे शब्द शरीराच्या त्या बाजूचे आहेत जी बाजू ज्याला आधार मिळतो त्याला स्वतःला दिसत नाही. इंग्रजीत आश्रयदाता समोर असतो आणि आश्रित त्याच्या मुखाकडे पाहतो. मराठीत तो मागे असतो आणि आश्रित पुढे, जगाकडे पाहतो. (इंग्रजीतही पाठ थोपटतात आणि पाठीशी उभे राहतात, पण ते बोलीच्या थरात, राजपत्राच्या भाषेत तेथे मुखाचेच राज्य आहे.) शिवाय मुखासमोर दिलेल्या संमतीविषयी मराठी बोलणारा मुळातच साशंक असतो. 'तोंडदेखले' हे विशेषण ज्या स्तुतीला लावायचे तिची किंमत तेथेच संपते, आणि 'तोंडपुजेपणा' तर दुर्गुणांच्या यादीत आहे. पाठ फिरवणे आणि पाठ दाखवणे हेही मराठीच आहे, हे खरे; परंतु त्यावरून आधाराचे स्थान पाठ हेच, एवढे अधिक पक्के होते. फिरवली म्हणून ती दिसली.

यावर असा आक्षेप येईल की दरबारी मराठीत मुखाचे शब्द होतेच. तो खरा आहे. मर्जी, खप्पा मर्जी, कृपादृष्टी, कृपाकटाक्ष हे सर्व वरून खाली पाहणाऱ्या चेहऱ्याचेच शब्द होत. आणि ते फारसी व संस्कृत यांच्याकडून आलेले आहेत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. यांत सर्वांत थोर शब्द 'प्रसाद'. तो ज्या धातूपासून आला त्याचा भाव स्थिरावण्याचा, गाळ खाली बसून पाणी नितळ होण्याचा आहे. त्यावरून मुखाची प्रसन्नता, त्यावरून अनुग्रह, आणि शेवटी देवाच्या पुढ्यातून हाती मिळणारा पदार्थ. भरताच्या नाट्यशास्त्रात मुखरागाचे स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम असे चार प्रकार सांगितले आहेत; त्यांतील दुसरा तो हाच. ज्ञानेश्वरांनी ग्रंथान्ती मागितलेले पसायदान म्हणजे प्रसादाचेच दान. 'काउंटिनन्स' आणि 'प्रसाद' यांचा प्रवास जवळजवळ एकाच मार्गाचा आहे, पण आरंभबिंदू निराळा. इंग्रजी शब्द आवरून धरण्यातून निघाला, संस्कृत शब्द निवळण्यातून. एकात मुख हे राखलेले आहे, दुसऱ्यात ते मोकळे झालेले आहे. म्हणूनच 'प्रसाद' शब्दाने एखाद्या जमीनदारावर खटला भरता येत नाही.

तिसरा शब्द 'मुद्रा'. मुखमुद्रा आणि राजमुद्रा हे दोन समास शेजारी ठेवले की चेहरा व संमती यांना जोडणारा मराठी शब्द नाही, ही तक्रार निराधार ठरते. मराठेशाहीच्या पत्रांत शिक्का वर आणि मोर्तब शेवटी उमटत असे. शिक्कामोर्तब झाले म्हणजे धन्याचे मुख त्या कागदावर आले असे समजायचे. परंतु मुद्रेची संमती एकदा उमटली की ती पुसत नाही, बदलत नाही, आणि नाकारताही येत नाही. चेहऱ्याची संमती तशी नसते. 'मी केवळ पाहिले, हो म्हटले नाही' असे म्हणायला चेहरा जागा ठेवतो. 'काउंटिनन्स' या शब्दाचे सारे राजकीय सामर्थ्य आणि सारा धोका या मोकळ्या जागेत आहे.

जबलपूरशी मराठ्यांचा संबंध कंपनीच्या आधीचा. १७८१ मध्ये गढामंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले. १७९८ मध्ये हा मुलूख पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांना मिळाला. आणि डिसेंबर १८१७ मध्ये कंपनीच्या फौजेने जबलपूर घेतले. मोडी लिपीतील शिक्कामोर्तबाच्या जागी इंग्रजी अहवाल आला. तो अहवाल लिहिणाऱ्यांत विल्यम हेन्री स्लीमन याचे नाव सर्वांत मोठे झाले. १८२२ ते १८२४ या काळात तो शेजारच्या नरसिंहपूरचा कारभार पाहत होता. पुढे त्यानेच लिहून ठेवले आहे की आपल्या कचेरीपासून काही शे पावलांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि आपल्याला त्याचा सुगावाही नव्हता. रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांनी या अधिकाऱ्याला फसवले होते. नंतरच्या त्याच्या लेखनातली शोधकाची इरेसरी आणि शब्दांची हाव या लाजिरवाण्या आठवणीखेरीज नीट समजत नाही.

१८३६ मध्ये कलकत्त्यात त्याचा 'रामसीआना' प्रसिद्ध झाला. ठगांच्या सांकेतिक भाषेचा तो कोश. त्याच्या थोडे आधी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला होता, आणि १८४७ मध्ये मोल्सवर्थने आरंभलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश निघाला. तिन्ही ग्रंथ कंपनीच्या लष्करातील अधिकाऱ्यांचे. पण दोन प्रयत्नांतील हेतूचा फरक फार मोठा आहे. मोल्सवर्थ आणि त्याचे पंडित शब्द गोळा करत होते ते एक समाज काय बोलतो हे कळावे म्हणून. स्लीमन गोळा करत होता तो पुरावा म्हणून. 'सोथा' म्हणजे वाटसरूला गोड बोलून जाळ्यात ओढणारा, 'भुरटोत' म्हणजे गळा आवळणारा, 'लुघा' म्हणजे खड्डा खणणारा, 'झिरनी' म्हणजे घात करण्याचा इशारा. असा एकेक शब्द नोंदताना कोशकार एकेका माणसाचे काम नोंदत होता. यांत सोथ्याचे सारे भांडवल त्याचा चेहरा. 'ठग' हा शब्द ज्या संस्कृत धातूवरून आला त्याचा अर्थ झाकणे, लपवणे असाच आहे. (न्यायालयांतून रोज मिळणारी 'स्थगिती' याच धातूची लेक, हे वकीलवर्गाला कदाचित रुचणार नाही.) इंग्रजी शब्दाच्या मूळ अर्थाने, स्वतःला आवरून धरण्याच्या अर्थाने, काउंटिनन्स कोणाजवळ पुरेपूर असेल तर तो या सोथ्याजवळ.

परंतु आरोपाच्या भाषेत हा शब्द ठगांना लावला गेला नाही. तो लावला गेला जमीनदारांना, गावच्या पाटलांना आणि लहानमोठ्या संस्थानिकांना. ठगांना थारा देणारे, त्यांच्याकडून कर वा नजराणा घेणारे, लुटीतला माल विकत घेणारे लोक होते. त्याविषयी शंका नाही. मात्र त्यांच्या वर्तनाच्या पायऱ्या अनेक होत्या. कोणी स्वतः भागीदार होता, कोणी घरात लपवून ठेवत होता, कोणी कर घेऊन गप्प बसत होता, आणि कोणी आपल्या गावकुसाबाहेर काय चालते ते न पाहण्याचे शहाणपण पत्करले होते. 'काउंटिनन्स' या एका क्रियापदात हे चौघेही सामावतात. शब्दाला कृत्य लागत नाही. त्या माणसाच्या कपाळाला आठी पडली नाही, इतके पुरते.

येथे मराठीचे वैभव दिसून येते. पहिल्याला मराठी सामील म्हणेल. दुसऱ्याने गुन्हेगाराला पाठीशी घातले. तिसऱ्याने थारा दिला. चौथ्याने कानाडोळा केला. हा शेवटचा शब्द विशेष लक्षणीय आहे, कारण इंग्रजीतील 'कनाइव्ह' या क्रियापदाच्या लॅटिन मुळातही डोळे मिटणेच आहे. मराठीने त्यात कानही घातला. पाठीशी घालणे आणि पाठिंबा देणे यांतही मराठी कान फरक ओळखतो. पाठिंबा उघड असतो, तो जाहीर करता येतो. पाठीशी घालणारा माणूस आपल्या अंगाचा आडोसा करून दुसऱ्याला लपवतो, आणि त्यात अपराधाची जाणीव गृहीत आहे. जबलपूरच्या त्या कागदपत्रांचे जो कोणी मराठीत भाषांतर करील त्याला प्रत्येक ठिकाणी यांतला एक शब्द निवडावा लागेल. आणि ती निवड करताना, मूळ अधिकाऱ्याने जे मोघम ठेवले त्याचा निवाडा भाषांतरकाराला करावा लागेल. सरसकट 'पाठिंबा दिला' असे लिहिणारा अनुवादक कानाडोळा करणाऱ्याला भागीदाराच्या शेजारी बसवतो. सरसकट 'आश्रय दिला' लिहिणारा भागीदारालाही दयाळू बनवतो. अशा ठिकाणी शब्दाला शब्द देणारे भाषांतर प्रामाणिक असते ही समजूत सोडून दिली पाहिजे.

१८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने ठगांच्या टोळीत असणे एवढेच सिद्ध झाले तरी जन्मठेप ठरवली. विशिष्ट खून सिद्ध होण्याची आवश्यकता उरली नाही. कृत्यावरून असण्याकडे हा जो कायद्याचा कल गेला तो 'काउंटिनन्स'च्या प्रकृतीशी जुळणाराच होता. मग असणे सिद्ध कसे व्हायचे? त्यासाठी आणखी एक शब्द पुढे आला: 'अप्रूव्हर'. रूढ इंग्रजीत 'अप्रूव्ह' म्हणजे पसंत करणे, मान्यता देणे. पण त्याच्या पोटात सिद्ध करण्याचा अर्थ दडलेला आहे, आणि जुन्या इंग्रजी कायद्यात आपला गुन्हा कबूल करून साथीदारांवरचा आरोप सिद्ध करून देणारा तो अप्रूव्हर. इंग्लंडात ती रीत तोपर्यंत मागे पडली होती. नर्मदेच्या खोऱ्यात तिला नवे आयुष्य मिळाले. फिरंगिया या नावाने ओळखला जाणारा जमादार पकडला गेला, अप्रूव्हर झाला, आणि त्याच्यासारख्या अनेकांच्या सांगण्यावरून ठगांच्या वंशावळी तयार झाल्या. कैद्यांच्या रांगेपुढे उभे राहून चेहरा ओळखणे आणि नाव, बाप, गाव सांगणे हे या माणसांचे काम. ज्याला पूर्वी वाटसरूचा चेहरा वाचावा लागे, तो आता सरकारसाठी सोबत्याचा चेहरा वाचू लागला.

मराठीत या मनुष्याला 'माफीचा साक्षीदार' म्हणतात. इंग्रजी शब्द सिद्धतेवर जोर देतो, मराठी शब्द सौद्यावर. सचोटी मराठी शब्दात अधिक आहे, कारण साक्ष कशाच्या मोबदल्यात मिळाली ते तो लपवत नाही. तरीही जबलपूरपुरता तोही अपुरा पडतो. तेथील अप्रूव्हरांना फाशी चुकली. सुटका मिळाली नाही. १८३७ मध्ये त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली; तंबू आणि गालिचे विणणारी ही वस्ती पुढे युरोपीय प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय बनली. ज्यांच्या जबानीवर शेकडो लोक दोषी ठरले ते शेवटपर्यंत पहाऱ्यातच राहिले. माफी नावाची होती. त्यांच्या जबानीवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न राधिका सिंघा यांच्या १९९८ मधील आणि किम वॅग्नर यांच्या २००७ मधील ग्रंथांनी पुरेशा गांभीर्याने विचारला आहे. ठगी ही निव्वळ साहेबी कल्पना होती असे म्हणणेही टिकत नाही आणि स्लीमनचे चित्र जसेच्या तसे घेणेही टिकत नाही, एवढे आता मान्य व्हायला हरकत नसावी.

चेहऱ्यावरून अपराध वाचण्याचा मोह विज्ञानाच्या नावाखालीही झाला. सागर येथे फाशी गेलेल्या ठगांच्या सात कवट्या कंपनीचा शल्यवैद्य हेन्री स्प्राय याच्याकडून एडिंबरोच्या कवटीशास्त्रज्ञांकडे पोहोचल्या आणि १८३४ मध्ये त्यांवर निबंध निघाला. ज्या उंचवट्यात क्रौर्य असावे अशी अपेक्षा होती तो उंचवटा तेथे ठळकपणे सापडला नाही, म्हणून दुसरी स्पष्टीकरणे शोधली गेली. मराठीत या प्रकाराला कवटीचे सामुद्रिक म्हणता येईल. आणि 'सामुद्रिक' शब्दातही मुद्रा आहेच. पण मुद्रेचा सर्वांत भीषण अर्थ त्या काळच्या शिक्षेत होता. बंगालच्या विनियमांनुसार जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा अपराध गोंदण्याची चाल होती; ती १८४९ मध्ये कायद्याने बंद झाली. मुखमुद्रा आणि राजमुद्रा हे दोन समास तेथे एका कपाळावर एकत्र आले होते.

या साऱ्या व्यवहाराला कादंबरीचे रूप मेडोज टेलरने दिले. १८३९ मधील त्याच्या 'एका ठगाच्या जबानी'चा निवेदक अमीर अली हा अप्रूव्हर आहे. तो साहेबासमोर बसून आपली कथा सांगतो, आणि साहेब मधूनमधून त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. टेलर निजामाच्या नोकरीत होता, पुढे नळदुर्गाला त्याने काही वर्षे काढली, आणि दख्खनच्या लोकांविषयी त्याला जिव्हाळा होता. त्यामुळे त्याचा साहेब स्लीमनच्या कोशापेक्षा अधिक अस्वस्थ आहे. कादंबरीचे खरे यश याच अस्वस्थतेत आहे. अमीर अली रूपवान आहे, सभ्य आहे, त्याचे बोलणे गोड आहे, आणि ऐकणारा त्याच्या गोडीत ओढला जातो. म्हणजे वाटसरूचे जे झाले तेच श्रोत्याचे होते. साहेब निषेधाचे शब्द वेळोवेळी उच्चारतो, पण कथा थांबवत नाही. ऐकत राहणे हे एक प्रकारचे 'काउंटिनन्स'च नव्हे काय, हा प्रश्न टेलरने कोठेही उघड विचारलेला नाही. त्याच्या रचनेतून तो आपोआप उभा राहतो. कादंबरीचा उत्तरार्ध पुनरुक्तीने सैल झाला आहे, हे मात्र कबूल केले पाहिजे.

जबलपूरच्या अलीकडच्या वाङ्मयीन इतिहासात या शब्दांची आठवण करून देणारा एक मराठी माणूस आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी काही काळ जबलपुरात होते. हरिशंकर परसाई यांच्या जबलपूरहून निघणाऱ्या 'वसुधा' मासिकात त्यांची साहित्यिक रोजनिशी क्रमशः आली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत लिहिले आणि १९७९ मध्ये 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका घरात दोन भाषा, आणि दोहोंत मान्यतेचा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला. थोरल्या भावाचे भारताच्या इतिहास-संस्कृतीवरील पाठ्यपुस्तक आधी मान्य झाले आणि १९६२ मध्ये मध्यप्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. १९६४ मध्ये ते मरणशय्येवर असताना निघालेल्या त्यांच्या कवितासंग्रहाच्या नावात चंद्राचे मुख वाकडे आहे. त्या नावाचे इंग्रजी करताना 'फेस' हा साधा शब्दच वापरावा लागतो. 'काउंटिनन्स' वाकडे होऊ शकत नाही. वाकडे झाले की ते आवरलेले राहत नाही, म्हणजे त्याचे स्वत्वच संपते. मराठी वा हिंदी तोंड मात्र वाकडे होण्यासाठीच आहे, आणि ते वाकडे झाले म्हणजे नापसंती असते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

१९५६ मध्ये नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि त्याचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. डेव्हीच्या मागणीचा शब्द भारतीय न्यायालयांच्या इंग्रजीत अजून जिवंत आहे, परंतु जवळजवळ नेहमी नकारात. अमुक वर्तन, अमुक युक्तिवाद 'काउंटिनन्स' करता येणार नाही, असे निकालपत्र म्हणते. होकारार्थी रूप जणू लाजेने मागे पडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निवडक निकालांची भाषांतरे मराठीसह काही भारतीय भाषांत प्रसिद्ध करायला आरंभ केला, त्यामुळे हा प्रश्न कोशापुरता उरलेला नाही. या नकारासाठी मराठीत 'खपवून घेता येणार नाही' आणि 'थारा देता येणार नाही' असे दोन चांगले पर्याय आहेत. पहिल्यात सहनशीलता संपल्याचा स्वर आहे आणि तो घरच्या वडील माणसाचा वाटतो. दुसऱ्यात जागेची भाषा आहे: या वास्तूत तुला बसायला ठिकाण नाही. न्यायासनाला दुसरा अधिक शोभतो. 'पाठिंबा देता येणार नाही' असे भाषांतर जेथे होते तेथे न्यायालय एका पक्षाच्या मागे उभे राहण्याच्या विचारात होते की काय, असा भलताच भास होतो.

आणि ज्या ठिकाणी होकारार्थी रूप येते, जुन्या कागदांत येते, तेथे भाषांतरकाराने आधी पाहावे ते शब्दाकडे नव्हे, माणसाकडे. त्याने काय केले होते, काय पाहिले होते, आणि ते पाहून त्याच्या चेहऱ्यावर काय उमटले हे कोणी सांगितले. जबलपूरच्या कागदांत हे सांगणारा पुष्कळदा पहाऱ्यात बसलेला अप्रूव्हर असतो, आणि तो ज्या जमीनदाराविषयी सांगतो त्याचा चेहरा त्याने शेवटचा पाहिला तो अनेक वर्षांपूर्वी.